कोरड्या दिवशी वायपर चालले, त्या मोहिमेची हकीकत

राज्ये बुडाली, तख्ते फुटली, समुद्राने बंदरेच्या बंदरे गिळली, हे सर्व लोकांस ठाऊक आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात. परंतु घरच्या कर्त्या पुरुषाचे मनातून जुनी गाडी उतरवून तेथे दुसऱ्या कंपनीची गाडी चढविणे, हे कर्म ज्यास साधले ऐसा वीर हजारांत एखादा. ते कर्म एका बाईमाणसाने, हाती शस्त्र न धरिता आणि जिभेवर आलेला टोमणा गिळून, एका सकाळीत तडीस नेले. ते समयी कोण कोठे बसले होते, कोण तोंडावर आपटले आणि कोणी कोणास सावरिले, हे जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. क्वचित पदरचे मीठ घातले असेल, तर ते चवीपुरते.

तर तिसऱ्या मजल्यावर बाबा सरकार राज्य करीत होते. पेशाने दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांस तोंड उघडावयास लावीत आणि घरी येऊन कोणास तोंड उघडू देत नसत, ऐसा लौकिक. परंतु मनाचे मेणाहून मऊ. त्यांचे पदरी गजराज नामे गाडी होती. काळीकभिन्न, उंच, रुंद, मोठ्या घराण्याची, नाकावर त्या घराण्याचे चकचकीत निशाण. आत बसावे तर कातड्याच्या गाद्या, आणि दार लावावे तर 'धप्' ऐसा भारदस्त आवाज, जणू तिजोरीच बंद झाली. सरकारांची निशाणावर निष्ठा ऐसी की किल्लीची साखळी त्याच निशाणाची, डोईची टोपी त्याच निशाणाची, आणि चहाचा मगही त्याच निशाणाचा, आणि त्या मगात चुकून दुसरे कोणी दूध प्यायले तर सरकारांची मर्जी संध्याकाळपर्यंत खप्पा. गजराजाने आजवर दगा म्हणोन दिला नव्हता. आजारी माणसे पोचविली, सुट्ट्या साजऱ्या केल्या, आणि भुंगा जन्मास आला तेव्हा त्यास इस्पितळातून घरी आणिले तेही यानेच. भुंगा म्हणजे सरकारांची कन्या; अखंड गुणगुण करी म्हणोन हे नाव पडले, आणि नाव पडले म्हणोन गुणगुण काही थांबली नाही.

परंतु काळ कोणास चुकला आहे? गजराजाचे चारी पायी स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या, त्यांवर तो डौलाने तोलून उभा राही. वयोमानाने त्या गळू लागल्या. एक बदलावी तो दुसरी गळे, दुसरी बदलावी तो तिसरी फुसफुसे. रात्री ताठ उभा केलेला गजराज सकाळी पाहावा तो मागल्या पायांवर बसलेला. मग सरकारांनी इंजिन चालू करावे, आणि गजराजाने 'हुंऽऽ' ऐसा दीर्घ सुस्कारा टाकून बोटबोट वर यावे, आणि तोवर सर्व कुटुंबाने खांद्यावर पिशव्या घेऊन पार्किंगमध्ये तिष्ठत राहावे. शेजारी जाता जाता विचारीत, "काय डॉक्टर, बसला वाटतं?" त्यावर सरकारांचे उत्तर ठरलेले: "बसला नाही हो. मुजरा करतोय मला."

आता आईसाहेबांचे वर्तमान. त्यांचा पेशा फिजिओथेरपीचा. आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे यांस वठणीवर आणावे, गोड बोलून दुखवावे आणि दुखवून बरे करावे, यात त्यांचा हातखंडा. मोठमोठे मातबर आजोबा त्यांस पाहताच निमूट पाय उचलीत. रोग्यांस त्या नेहमी सांगत, "हाताला स्वतःचं डोकं असतं. एकदा शिकला की तुमचं ऐकत नाही तो." हे वाक्य वाचणाऱ्यांनी कनवटीस बांधून ठेवावे, पुढे कामास येणार आहे.

ऐशा आईसाहेबांपाशी गाडी चालविण्याचा परवाना होता आणि तो कपाटात धूळ खात होता. त्याचे कारण ऐसे. त्या शिकल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या चिमुकल्या गाडीवर. तीत स्टिअरिंगमागे दोन दांड्या. उजवीकडची हलविली की वळणाची बत्ती, म्हणजे इंडिकेटर, लुकलुके, आणि डावीकडची हलविली की काचेवर वायपर फिरे. गजराजाचे घराण्यात रीत नेमकी उलटी: डावीकडे इंडिकेटर आणि उजवीकडे वायपर. परवाना हाती आला त्याच आठवड्यात आईसाहेब बहुत उमेदीने गजराजावर आरूढ झाल्या, पहिल्या चौकात आल्या, वळण्यास्तव सवयीने उजवी दांडी हलविली, आणि रखरखीत उन्हात, कोरड्या काचेवर, वायपर 'कर्र कर्र' नाचू लागले. सरकार शेजारी बसले होते. ते हसले. हसले म्हणजे मामुली हसले नाहीत, मांडीवर थाप मारून, डोळ्यांस पाणी येईतो हसले आणि वदले, "अगं, पाऊस कुठे पडतोय?" चौकातील वाहतूक पोलिसानेही मान वळवून पाहिले. आईसाहेबांनी गाडी कडेस घेतली, उतरल्या, आणि शेजारच्या जागी जाऊन बसल्या. त्याउपरी गजराजाचे स्टिअरिंगास त्यांनी बोट लाविले नाही. सरकारांनी अधूनमधून पुसावे, "घेतेस का?" आणि त्यांनी म्हणावे, "नको, तुम्हीच चालवा." सरकारांस वाटे, बायकोस गाडीची आवडच नाही. सरकारांस बहुत गोष्टी वाटत.

ऐसी वर्षे लोटली आणि मग एके दिवशी नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळातून फोन आला, की आमचा फिजिओथेरपीचा अख्खा विभाग आपण सांभाळावा. काम सकाळी सातास सुरू होते आणि त्या वेळी पलीकडे बस येत नाही, सबब स्वतःच्या गाडीने येणे जमेल किंवा कसे, ते सोमवारपर्यंत कळवावे. आईसाहेबांनी फोन ठेविला आणि खिडकीतून खाली पाहिले. खाली गजराज बसला होता.

दुसरी गाडी घ्यावी तर इमारतीत जागा एका घरास एकाच गाडीची. सरकार उदार मनाने बोलले, "त्यात काय? मी सोडीन की रोज!" आणि त्याची रंगीत तालीम म्हणोन दुसरे दिवशी भल्या पहाटे इस्पितळ पाहावयास दोघे निघाली. परंतु त्या दिवशी गजराज चारी पायांवर बसला होता, आणि एक पाय उचलावा तो दुसरा खचावा, आणि ज्या बाईंनी विभागाची सूत्रे घ्यावयाची त्या इस्पितळाचे दारात घामाघूम, धापा टाकीत पोचल्या, तेव्हा सर्व मंडळी भेटून चहा पिऊन पांगली होती. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. गजराज मात्र दोनदा सुस्कारला.

त्या संध्याकाळी जेवणाचे टेबलावर मसलत बसली. मसलतीस मामा दिवाणजी हजर होते. हे आईसाहेबांचे सख्खे बंधू. स्वतःपाशी सायकल नव्हती, परंतु मते सर्व गाड्यांविषयी होती. सरकारांनी जड अंतःकरणाने हुकूम फर्माविला, की गजराजास निवृत्त करावे, आणि त्याचे जागी त्याच घराण्याचा धाकटा वारस आणावा. मामांनी लागलीच मान डोलाविली, कारण वाढलेले ताट समोर होते. आणि मग आईसाहेब बोलल्या. इतके हळू बोलल्या की मामांचे चावणे थांबले.

"दुसऱ्या कंपनीची बघू या."

"दुसऱ्या म्हणजे कुठल्या?"

आईसाहेबांनी नाव सांगितले. सरकारांचा घास हातीच राहिला.

"ती? ती गाडी घेऊन लोक भाजी आणायला जातात!"

"आपण पण भाजीच आणतो, बाबा," भुंगा वदला. "हत्तीवरून."

"भुंग्या, गप जेव."

आईसाहेबांनी कारणे दिली: रोग्यांस निजवावयाचे घडीचे टेबल डिकीत आडवे मावते, मागे ऐसपैस आहे, पाय धडधाकट आहेत. कारणे खरी होती. परंतु तळाशी एक कारण निराळे होते, आणि ते त्यांनी कोणास सांगितले नव्हते. मागल्या महिन्यात एका मैत्रिणीचे त्या कंपनीच्या गाडीत त्या सहज म्हणोन बसल्या होत्या, आणि सहज म्हणोन दांडीकडे हात गेला होता, आणि इंडिकेटर उजवीकडे होता. जेथे हात गेला तेथेच होता. तेव्हापासून त्यांस झोप धड येत नव्हती.

हे गुपित भुंग्याने जासुदी करून काढिले. एके दुपारी स्वयंपाकघरात शिरतो तो आईसाहेब दोन्ही हातांत स्टीलचे ताट उभे धरून उभ्या, ताट डावीकडे फिरवीत, उजवीकडे फिरवीत, आणि फिरविण्याआधी उजव्या हाताची बोटे हळूच खाली नेत.

"आई, काय करतेस?"

"व्यायाम. मनगटाचा."

"मग तोंडानं टिक-टिक कशाला करतेस?"

आईसाहेब ताटाआडून लाजल्या, आणि मग मायलेकींत तह झाला, की हे कलम बाबा सरकारांचे कानी घालू नये.

इकडे सरकारांनी मोठा डाव टाकिला. आज्ञा झाली, की रविवारी ती दुसरी गाडी एकदा चालवून पाहावी, म्हणजे पत्नीचे मनाचे समाधान होईल, आणि तेथूनच थेट जुन्या कंपनीचे शोरूमकडे कूच करून धाकट्या वारसाचे बुकिंग करावे. पंच म्हणोन मामा दिवाणजींस सोबत घ्यावे. मामांनी डोईस सरकारांचीच निशाणाची टोपी घातली, म्हणजे पंचाचा निकाल निघण्याआधीच लागला होता.

रविवार उजाडला. आकाश ऐसे स्वच्छ की ढगाचा धागा दिसेना. फौज शोरूमपाशी दाखल झाली. तेथे विक्रीवाली ताई सामोरी आली. गळ्यात ओळखपत्र, हाती टॅब, मुखी मध. तिने पारवी दाखविली. पारवी म्हणजे ती गाडी. रंग पारव्याचे पाठीसारखा राखाडी-निळा, म्हणोन भुंग्याने जागचे जागी बारसे उरकिले. सरकारांनी पारवीस एक फेरी घातली, टायरास बुटाने ठोकर मारिली, दार लाविले, कान देऊन ऐकिले, आणि खेदाने उद्गारले, "धप् नाही. थप् आहे."

मग स्वारी निघाली. स्टिअरिंगवर खासा सरकार, शेजारी ताई, मागे मध्यभागी मामा आणि दोन्ही बगलांस आईसाहेब व भुंगा. ताईने अदबीने सावध केले, "सर, आपल्याकडे इंडिकेटर उजव्या हाताला आहे हं."

"अहो ताई, मी काय आज गाडी शिकतोय?"

पहिला सिग्नल आला. सरकारांनी ऐटीत डावी दांडी हलविली. कर्र कर्र. वायपर कोरड्या काचेवर नाचू लागले. सरकारांनी लगबगीने ते थांबविले आणि घसा खाकरिला. मागे आईसाहेबांनी भुंग्याचा हात घट्ट धरिला.

दुसरे वळण आले. सरकारांनी आधी उजव्या दांडीकडे पाहिले, मनी घोकिले, 'उजवी, उजवी, उजवी', आणि ऐन वेळी एक स्कूटर आडवी आली, आणि घोकलेले सर्व वाहून गेले, आणि डावा हात आपले कर्तव्य करून मोकळा झाला. कर्र कर्र. इंडिकेटर न देता गाडी वळली सबब मागील टेम्पोवाल्याने हॉर्नची सरबत्ती केली, आणि खिडकीतून सरकारांचे कुळाविषयी काही चौकशीही केली.

"काच तशी मळलीच होती, भाऊजी," मामांनी कुमक धाडिली.

"मामा, तू बोलू नकोस," सरकार गुरकावले.

तिसरे वळण पेट्रोल पंपापाशी. तेथे सरकार घामाने निथळले होते. त्यांनी दांडी अशी त्वेषाने ओढिली की वायपर तर फिरलेच, वरी काचेवर साबणाचे पाण्याची दोन कारंजी उडाली, आणि पुढचे सर्व जग फेसाळ दिसू लागले. सरकारांनी गाडी कडेस घेतली आणि उभी केली. वायपर तीनदा फिरून आपसूक थांबले.

आता वाचणाऱ्यांनी मागील आसनाकडे पाहावे. तेथे आईसाहेबांचे जिभेवर एक वाक्य तोफेसारखे ठासून तयार होते. इतकी वर्षे ते कोरडे राखिले होते. बत्ती द्यावयाचाच अवकाश: 'अहो, पाऊस कुठे पडतोय?' भुंगा डोळे विस्फारून आईकडे पाहत होता, म्हण ना, म्हण ना! मामांनी टोपी डोळ्यांवर ओढिली. आणि आईसाहेबांनी समोर पाहिले तो सरकारांची मान खाली, कान लाल, आणि दोन्ही हात मांडीवर, चुकलेल्या पोरासारखे. रोज ऐसे हात त्या इस्पितळात पाहत. आईसाहेबांनी ती तोफ डागिली नाही. येथेच मोहीम फत्ते झाली, हे कळावयास इतरांस थोडा वेळ लागला.

मग सरकार मागे न वळता, आरशात पाहून बोलले.

"मी हसलो होतो ना तेव्हा?"

"हो."

"फार?"

"चौकातल्या पोलिसानं वळून बघितलं, एवढं."

सरकारांनी आरसा उगाच सारखा केला. मग म्हणाले, "आणि मी समजत होतो, तुला आवडत नाही."

"आवडतं हो. आणि हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. हाताला स्वतःचं डोकं असतं."

ताई बिचारी टॅबमध्ये डोके खुपसून बसली होती. ऐसे प्रकरण तिचे प्रशिक्षणात आले नव्हते. सरकारांनी पट्टा सोडिला, खाली उतरले, मागील दार उघडिले आणि फर्मान दिले. उभ्या आयुष्यात त्यांनी इतके लहान फर्मान दिले नव्हते.

"तू घे."

आईसाहेब उतरल्या. स्टिअरिंगापाशी बसल्या. आसन पुढे घेतले, वर घेतले, आरसे आपले नजरेस लाविले, ताईने फेस पुसून दिला. मागे सरकार मामांस सरकवून बसले, आणि गुडघे पसरून चकित होऊन म्हणाले, "अरे, मागे पाय मावतात!" गजराजाचे मागे ते जन्मात बसले नव्हते.

"आई, उजवीकडे!" भुंगा गुणगुणला.

"माहितीये गं. मला नाही, हाताला माहितीये."

आणि बोटे खाली गेली, आणि टिक-टिक, टिक-टिक, ऐसा मंजूळ नाद उठला. काच स्थिर. वायपर निजलेले. मागील गाड्यांनी वाट दिली, आणि पारवी लोण्यातून सुरी जावी तैसी रस्त्यात शिरली. मामांनी चटकन टोपी काढून मांडीखाली दडविली. मुत्सद्दी तो मुत्सद्दीच.

परतीचे वळण आले. आईसाहेब वळल्या नाहीत. सरळ निघाल्या. ताई दचकली.

"मॅडम, आपला टेस्ट ड्राइव्हचा रस्ता हा नाही."

"माझा हाच आहे," आईसाहेब म्हणाल्या, आणि नदीचा पूल चढल्या.

मग पूल ओलांडिला, आणि पलीकडचा गोल चौक टिक-टिक करीत वळसा घालून काढिला, आणि एक ट्रक अंगावर आला त्यास दिव्यानेच जागा दाखविली, आणि इस्पितळाचे फाटकापाशी गाडी ऐसी उभी केली की दोन पांढऱ्या रेघांचे बरोबर मध्ये. रविवार असल्याने विभाग बंद होता. आईसाहेबांनी इंजिन बंद केले, फोन काढिला आणि तेथूनच कळविले, की मी येते, माझी मी येते. मागून कोणी नाक ओढिल्याचा आवाज आला. मामा म्हणाले की ते सरकार. सरकार म्हणाले की ते मामा. उभयतांस ताईने रुमाल दिला.

जुन्या कंपनीचे शोरूमकडे त्या दिवशी कूच झाले नाही. परत येऊन पारवीच पक्की केली. बुकिंग करिताना सरकारांनी एकच हट्ट धरिला, की निशाणाची टोपी या कंपनीचीही मिळावी. मिळाली. डोईस लहान होते, तरी घालितात.

गजराजास निरोप देण्याची सकाळ आली तेव्हा तो नेहमीप्रमाणे बसला होता. न्यावयास माणसे आली होती, परंतु आईसाहेबांनी त्यांस चहास वर नेले आणि सरकारांस म्हणाल्या, "बसा थोडा वेळ. घाई नाही." सरकार आत बसले. इंजिन चालू केले. त्या दिवशी गजराज एका दमात, न अडखळता, चारी पायांवर उभा राहिला, जणू सरकारांची लाज राखिली. सरकार उतरले, दार लाविले, 'धप्' ऐकून घेतले, आणि पार्किंगमध्ये कोणी पाहत नाही ऐसे पाहून गजराजास कमरेत वाकून मुजरा केला. भुंगा जिन्यावरून पाहत होता. त्या एका दिवशी तो गुणगुणला नाही.

पारवीचे आसन कोणाचे किती उंच आणि किती पुढे, हे गाडीस लक्षात राहावे म्हणोन दारापाशी दोन बटणे आहेत. एक क्रमांकाचे बटणावर आईसाहेबांची बैठक कायम झाली, दोनवर सरकारांची. हे वाटप सरकारांनी स्वहस्ते केले, आणि त्यावर कोणी तक्रार केली नाही. तिसरे बटण नाही, याविषयी भुंग्याने कंपनीकडे नाराजी कळविली आहे. सरकार रविवारी पारवी चालवितात, तेव्हा ऐन उन्हात काच लखलखीत धुऊन निघते, सबब गाडी धुण्याचे काम निम्मे झाले.

आईसाहेब कामावर रुजू झाल्या त्या सोमवारी सरकार सर्वांचे आधी उठले. चहा केला. आणि तो गाळून आईसाहेबांपुढे ठेविला तो जुन्या निशाणाचे मगात, ज्यास दुसरे कोणाचे ओठ लागणे सरकारांस आजवर खपले नव्हते.

"अहो, हा तुमचा मग."

"पी. गार होईल."

मग आईसाहेब खाली गेल्या, आणि सरकार व भुंगा खिडकीत उभे राहिले. पारवी चारी पायांवर उभीच होती. ती हलली, फाटकापाशी आली, क्षणभर थांबली, आणि उजवीकडची बत्ती लुकलुकली. येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली, निशाण बदलले, घरचे कोणी कामी आले नाही, आणि नदीपलीकडचा मुलूख आईसाहेबांचे हाती आला, ऐसे येथे नमूद केले असे. त्या समयी आभाळ कोरडे होते, काच कोरडी होती. खिडकीतल्या सरकारांचे डोळ्यांविषयी मात्र दोन मते आहेत.